लाली नाही

माझा हात आजींच्या पाठीवर होता, माकडहाडाच्या जरा वर, तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं.

"आडनाव काय हो तुमचं?"

मी सांगितलं.

हाताखालची कातडी आक्रसली. नर्सच्या हाताला हे कळतं. थंडीनं आक्रसते ती वेगळी. दुखण्यानं आक्रसते ती वेगळी. ही तिसरी. ही माझ्या लहानपणापासूनच्या ओळखीची आहे.

"असं होय," आजी म्हणाल्या. तोंड भिंतीकडे होतं. भिंतीकडेच बघत त्यांनी सुनेला सांगितलं, "मीनल, यांचं आटोपलं की गीझर लाव."

मीनलताई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, पन्नाशीला टेकलेल्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या. चांगलं हसल्या, त्यात खोट काढायला जागा नाही. "मनाला लावून घेऊ नका हं. आईंचं जुनं सोवळं आहे. मी तर असलं काही मानत नाही."

आणि न मानणाऱ्या बाईंनी हात लांब करून बाथरूमबाहेरचं बटण दाबलं. गीझरचा लाल दिवा लागला.

त्या खोलीत त्या दिवशी लाल दिसलं ते एवढंच.

आता मी काय केलं ते सांगते. मी हसले. "नाही हो ताई, त्यात काय मनाला लावायचं!" असंही म्हणाले. पंचवीस वर्षं नोकरी केली की माणसाला हे आपोआप येतं. समोरच्यानं आपला अपमान केला, की समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण हसायचं. आमच्या घरात मी विनोदी समजले जाते. पाहुणे आले की सगळे म्हणतात, आता आई किस्से सांगेल. पण माझे निम्मे किस्से असेच तयार झालेत. ज्या ठिकाणी ओरडायला हवं होतं त्या ठिकाणी मी हसले, आणि घरी येऊन त्याचा किस्सा केला.

हा किस्सा होत नाहीये. प्रयत्न करून पाहिला.

मी नर्स. आधी वॉर्डात होते, गुडघे बोलायला लागल्यावर घरपोच सेवा देणाऱ्या एका संस्थेत आले. एम. पी. नगरात आमचं ऑफिस. खाली कोचिंग क्लास, वर कोचिंग क्लास, मध्ये आम्ही. जिना चढताना रोज शंभर पोरं धक्का देतात आणि "सॉरी आंटी" म्हणतात. माझं काम असेसमेंटचं. म्हणजे पेशंटच्या घरी जायचं, त्याला नीट तपासून बघायचं. उठतो का, गिळतो का, पडण्याची भीती किती, पाठीला जखम होऊ घातलीय का. त्यावरून ठरतं की त्या घरी किती वेळ नर्स पाठवायची, हवेची गादी द्यायची की नाही, दर दोन तासांनी कूस बदलायची की नाही. सहा वर्षं मी हे करत होते. फॉर्मच्या तळाशी हिंदीत छापलेलं असे 'मूल्यांकनकर्ता'. त्याच्यासमोर माझी सही. गिचमिड, पण माझी.

दिवाळीनंतर नोटीस लागली. असेसमेंटचं एक सर्टिफिकेट निघालंय. तीन महिने रविवारचे क्लास, मग कॉम्प्युटरवर परीक्षा. करायचं त्यांनी करावं, सक्ती नाही. आमचे सक्सेना सर, वयानं माझ्याहून धाकटे, पोटानं मोठे, मला म्हणाले, "दीदी, कंपल्सरी थोड़े ही है। ऑप्शनल है। आपकी मर्ज़ी।"

माझी मर्जी म्हटल्यावर मी खूश. मर्जी विचारण्याचे प्रसंग आयुष्यात कमीच. मी म्हटलं, नहीं करना।

पुढच्या महिन्यात फॉर्म बदलला. तळाशी आता दोन ओळी. 'मूल्यांकनकर्ता', तिथं सर्टिफिकेटवाल्यांची सही. आणि खाली 'सूचनादाता', म्हणजे नुसती माहिती पुरवणारा. तिथं माझी.

रात्रीच्या जेवणाला मी हे घरी सांगितलं. माझी लेक समता बी. कॉम.ला आहे. तिची मराठी अर्ध्यातून हिंदीत घसरते. ती घास तोंडात ठेवूनच ओरडली, "सूचनादाता? म्हणजे आई, तू खबरी झालीस? पुलिसवाली खबरी?"

आमचे हे इतके हसले की ठसका लागला. मीही हसले. मी लगेच उठून पदर डोक्यावरून घेतला आणि खबऱ्यासारखी इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "साहब, पक्की खबर है। पेशंट की पीठ में कुछ गड़बड़ है।" समता लोळायची बाकी होती.

झाला किस्सा.

झोपायच्या आधी ह्यांनी विषय काढलाच. "करून का टाकत नाहीस ते सर्टिफिकेट?" ह्यांना सर्टिफिकेटचं भारी प्रेम. कारखान्यात टेक्निशियन आहेत, तिथं मिळालेला प्रत्येक कागद लॅमिनेट करून ठेवलाय. रक्तदानाचा, सुरक्षा सप्ताहातल्या निबंधाचा, रस्सीखेच स्पर्धेत नुसता भाग घेतल्याचासुद्धा.

"मला काय गरज?" मी म्हटलं. "माझं काम बोलतं."

"मग फॉर्मवर तुझं काम का बोलत नाही?"

"झोपा आता."

गरज नव्हती हे खोटं होतं. मला कागदाची चीड आहे, आणि त्या चिडीच्या खाली भीती आहे. ती कुठून आली तेही सांगते, नाहीतर वाटेल की ही बाई नुसतीच आळशी. आळशी आहेच, पण तेवढ्यानं भागत नाही.

मी टी. टी. नगरच्या सरकारी शाळेत शिकले. वर्षातून एकदा क्लार्क वर्गात यायचा, हातात यादी. "जिनका नाम बोलूँ, खड़े हो जाओ।" आम्ही सात-आठ पोरं उभी राहायचो. शिष्यवृत्तीवाले. बाकीचा वर्ग बसून आमच्याकडे बघायचा. मी गणितात वर्गात पहिली आले, त्या वर्षी आमच्या बाई पेपर देताना म्हणाल्या, "इनको तो वैसे भी आगे जाना ही है।" पुढे नर्सिंगच्या यादीत नाव लागलं, तेव्हा नावापुढे कंस आणि कंसात प्रवर्ग. माझे मार्क कंसाच्या बाहेर होते, पण वाचणारे कंसातलंच वाचायचे. हॉस्टेलची खोली वाटताना, ड्यूटी लावताना, कोणाच्या ताटात कोण जेवणार हे ठरताना. मथुरेतला कंस कधीचा मेला. माझा मरत नाही.

म्हणून मी ठरवलं होतं. ह्यापुढे कागद मागायचा नाही. आपण कमावलेला प्रत्येक कागद लोक दान म्हणून वाचतात, तर कागदच नको. हात बघा माझा.

आणि हाताचं म्हणाल तर तो माझ्या आईचा.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. भंडाऱ्याकडची. वॉर्ड पुसायची, शौचाची भांडी द्यायची, पेशंटची कूस बदलायची. शाळा सुटल्यावर मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर अभ्यास करत बसायचे, तेव्हा कधी आत बोलवायची. एकदा एक म्हातारा पालथा निजलेला होता, काळाभोर, उन्हात राबलेला. डॉक्टर येऊन पाठ बघून गेले होते, सगळं ठीक म्हणाले होते. आईनं माझा हात धरला. मी नुसतीच बघत होते, तर म्हणाली, "डोयानं काऊन पाहतं वं? उलटा हात लाव."

तवा तापला का बघायला त्याच्यावर धरतो, पोराला ताप आहे का बघायला कपाळावर ठेवतो, तो उलटा हात. मी लावला. एकाच ठिकाणी गरम. बाजूला नाही. आणि तिथली कातडी आतून घट्ट, शिळ्या कणकेसारखी.

"हे फुटते आता दोन-तीन दिसात," आई म्हणाली. फुटलं.

पुढं मी कॉलेजात शिकले की पाठीच्या जखमेची पहिली खूण म्हणजे लाली. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. आपल्याकडं सावळ्या, काळ्या पाठीच जास्त, तिथं लाली कुठून दिसणार? तिथं डोळा आंधळा. हे आमच्या आयाबाईला ठाऊक होतं. तिला कोणी विचारलं नाही.

तर शाहपुऱ्याचं ते घर. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीतून तळं दिसतं. माणसं ग्वाल्हेरकडची मराठी, मुलगा मोठ्या हुद्द्यावर. आजी चौऱ्याऐंशीच्या, मांडीचं हाड मोडून पलंगावर. आणि वर्णानं सावळ्या. चांगल्या गर्द सावळ्या. कातडीनं जात विचारून रंग घेतलेला नसतो.

माझ्याबरोबर श्रेया होती. सव्वीस वर्षांची, सर्टिफिकेटवाली. पोर वाईट नाही. मला ताई म्हणते, माझी पिशवी उचलते. तिच्या हातात टॅब, त्यावर फॉर्म. तिनं टॉर्च मारून आजींची पाठ नीट बघितली. मग मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग हातमोजा काढला आणि उलटा हात लावला. अखंड कातडीला हातमोजा लागत नाही, आणि रबरातून ऊब नीट कळत नाही.

गरम. एकाच ठिकाणी. आतून घट्ट.

त्याच वेळी आजींनी आडनाव विचारलं.

गीझर लागल्यावर मी श्रेयाला बाजूला घेऊन म्हटलं, "माकडहाडाशी जखम सुरू झालीय. आतून. हवेची गादी लिही. कूस दर दोन तासांनी. आणि तिथं चोळायचं नाही, बसवायचं नाही."

श्रेयानं परत वाकून बघितलं. "ताई, पण लाली नाहीये."

"ह्या कातडीवर दिसणार नाही. हात लाव."

तिनं हातमोज्यातून बोट लावलं. "मला काही वेगळं नाही वाटत. आणि गरमचा कॉलमच नाहीये फॉर्ममध्ये. लाली आहे की नाही, एवढंच. जे मला दिसलं नाही ते मी कसं लिहू?"

तिचं चूक नव्हतं. म्हणजे चूक होतं, पण खोटं नव्हतं.

मी मीनलताईंना थेट सांगायला गेले. "ताई, आजींना आज आंघोळीला बसवू नका. पाठीवर—"

त्यांनी मला मध्येच थांबवलं. आवाज तसाच गोड. "एक मिनिट हं. तुमच्यात परीक्षा कोणी दिलीय? ह्या मॅडमनी ना? मग त्यांना ठरवू दे की. तुम्ही आपलं कूस बदलायचं तेवढं बघा."

मी श्रेयाकडे बघितलं. श्रेयानं टॅबकडे बघितलं. तिनं बोट टेकवलं. 'लाली: नहीं।' जोखीम कमी. गादी नको. नर्स दिवसातून एकदा.

खाली तिची सही. त्याखाली सूचनादाता. मी सही केली.

हो, केली. इथं मला तुम्हाला सांगावंसं वाटतंय की मी टॅब भिरकावला. नाही भिरकावला. बोटानं गिचमिड काढली, चपला घातल्या, जिन्यात श्रेयाला एक विनोदसुद्धा सांगितला. मागे नळाचा आवाज येत होता.

नऊ दिवसांनी ऑफिसात फोन आला. आजींची पाठ फुटली.

मला आणि श्रेयाला परत पाठवलं. दार उघडल्याबरोबर मीनलताईंचं गोड संपलेलं होतं. "ह्यांनी जिथं हात लावला, बरोबर तिथंच झालंय!" त्या श्रेयाला सांगत होत्या, बोट माझ्याकडे होतं. "हातमोजा काढून लावला. मी डोळ्यांनी बघितलंय. आम्ही किती स्वच्छता ठेवतो! त्या दिवशी ह्या गेल्या की लगेच मी आईंना स्टुलावर बसवून आंघोळ घातली. अर्धा तास. पाठ चांगली चोळून, साबण लावून. दोनदा. तरीही!"

तरीही.

मी पाच-सहा पावलं आत आले होते. तिथंच उभी राहिले. प्लॅस्टिकचं स्टूल. चौऱ्याऐंशी वर्षांची हाडं. अर्धा तास सगळं वजन त्या एका जागेवर. वरून चोळणं. दोनदा, कारण एकदा चोळून माझं आडनाव निघालं नसेल.

माझा स्पर्श धुवायला त्यांनी स्वतःच्या सासूची पाठ फोडली. आणि त्यांना ते कळलेलंही नव्हतं.

मला हसू आलं नाही. पहिल्यांदाच असं झालं. हसू यायची जी जागा आहे ना घशात, तिथं काहीच आलं नाही.

आजींना कुशीवर घेतलं. जखम रुपयाएवढी, खोल. साफ करताना त्यांनी माझी बोटं गच्च धरली. "हळू गं बाई, हळू." अहो-जाहो गेलं होतं, सोवळंही गेलं होतं. दुखणाऱ्या माणसाला आडनाव आठवत नाही. बरं वाटलं की आठवतं. म्हणून त्या बोटं धरण्याचा मी काही अर्थ लावत नाही. कोणी लावूही नये. मी हळू केलं, कारण ते माझं काम आहे.

दुसऱ्या दिवशी सक्सेना सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला आणि श्रेयाला. टेबलावर मीनलताईंची तक्रार, बाजूला आमच्या फॉर्मची प्रत.

"दीदी, बैठिए। पानी लीजिए।" सर मऊ बोलायला लागले की मी सावध होते. "देखिए, रिपोर्ट में तो साफ़ लिखा है, लाली नहीं। श्रेया ने जो देखा वो लिखा। अब सूचना तो आपने दी थी ना?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मूल्यांकन तिचं. सूचना माझी. मूल्यांकन बरोबर निघालं तर तिचं नाव, चूक निघालं तर सूचना चुकीची होती. समतानं चेष्टेत म्हटलं होतं खबरी. खबऱ्याचं हेच असतं. खबर खरी निघाली तर साहेबाची, खोटी निघाली तर खबऱ्याची.

"सर," श्रेया म्हणाली. आवाज इतका लहान की मी मान वळवून बघितलं, तीच बोलली का. "सर, दीदी ने कहा था। गरम है, ये भी कहा था।"

सरांनी चष्मा काढला. "कहा था। लिखा तो नहीं था ना।"

श्रेया तेवढंच बोलली, पण बोलली हे मी मांडून ठेवते.

सरांनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. चार ओळी. मी हातमोजा काढला ही माझी चूक. त्वचेच्या स्थितीची योग्य सूचना मूल्यांकनकर्त्याला वेळेवर दिली नाही, त्याबद्दल खेद. पुन्हा असं होणार नाही. तळाशी सूचनादाता, आणि रिकामी जागा. "फ़ॉर्मैलिटी है दीदी। साइन कर दीजिए, बात यहीं ख़तम। पार्टी बड़ी है।"

पेन त्यांनीच काढून दिलं.

कहा था. लिखा तो नहीं था.

मला आई आठवली. वॉर्डात पोछा हातात घेऊन ती डॉक्टरांना सांगायची, साहेब, सात नंबरची पाठ गरम लागते. साहेब "हाँ हाँ" म्हणून पुढे. सात नंबरची पाठ फुटायची, आणि कागदावर कुठंच नसायचं की आयाबाईनं आधी सांगितलं होतं. बत्तीस वर्षं ती सांगत राहिली. किती पाठी तिला आधी कळल्या, ते आता कोणालाच कळणार नाही. तिचं सगळं ज्ञान हवेत गेलं. आणि मी काय केलं? कंसाला घाबरून म्हटलं, मला कागद नको, हात बघा. अहो, हात कोण बघतो? हात धुतात. चोळून. दोनदा.

कागद त्यांच्या ताब्यात होता आणि मी रुसून तो त्यांच्याच ताब्यात ठेवला. वर त्याला स्वाभिमान म्हटलं. पन्नाशीच्या बाईला एवढं कळायला एका म्हातारीची पाठ फुटावी लागली.

मी पेन घेतलं. सरांना वाटलं, झालं.

मी तो कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले. हिंदीत, शाळेत शिकले तशा शुद्ध हिंदीत. पेशंटचा वर्ण गडद असल्यामुळे लाली दिसणं शक्य नव्हतं. उलट्या हाताला माकडहाडाच्या जागी आजूबाजूपेक्षा जास्त ऊब आणि आतून कडकपणा लागला. अखंड त्वचेला ऊब कळावी म्हणून हातमोजा काढला, आणि ते योग्य होतं. हवेची गादी आणि दोन तासांनी कूस बदलणं मी त्याच वेळी सांगितलं. ते लिहिलं गेलं नाही. बसवू नका हे घरच्यांना सांगायला गेले, ते ऐकलं गेलं नाही. माझं आडनाव विचारल्यानंतर, माझ्या स्पर्शाचं सोवळं म्हणून, पेशंटला अर्धा तास स्टुलावर बसवून तीच जागा दोनदा चोळण्यात आली. घरच्यांनी हे काल स्वतः सांगितलं, श्रेयाच्या समोर.

सर वाचत होते, उलट्या बाजूनं, मान वाकडी करून. "दीदी, ये... ये सब मत लिखिए। सरनेम-वरनेम बीच में कहाँ से आ गया?"

"बीच में ही था सर," मी म्हटलं. "आपको दिखा नहीं। लाली जैसा।"

मग सही. तळाशी मी स्वतःच्या हातानं लिहिलं, मूल्यांकनकर्ता. आणि त्याच्यापुढे पूर्ण नाव, आडनावासकट, वाचता येईल असं. गिचमिड नाही.

"आप सर्टिफ़ाइड नहीं हैं," सर म्हणाले.

"फॉर्म दीजिए।"

त्यांना वाटलं मी माफीचा दुसरा कागद मागतेय. मी परीक्षेचा मागत होते.

घरी सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. मी किस्सा करून सांगितलाच नव्हता. समता म्हणाली, "पण आई, तुला येतं ना सगळं? मग एग्ज़ाम क्यों देना? दिस इज़ सो अनफ़ेअर." अनफ़ेअर आहेच बेटा. मला जे येतं ते मला येतं असं सांगायला मला रविवारी त्याच जिन्यानं, त्याच पोरांचे धक्के खात जायचंय, आणि तिथं जे मला शिकवणार, त्यांच्या पुस्तकात बहुतेक लिहिलेलं असेल की पहिली खूण म्हणजे लाली. मला ह्याचा राग आहे. तो राग मी कमी होऊ देणार नाही. आमचे हे म्हणाले, "पास झालीस की लॅमिनेट करू." मी म्हटलं, खबरदार.

सध्या मला व्हिजिटवर पाठवत नाहीत. माझा तो कागद वर गेलाय म्हणतात, वर म्हणजे कुठं ते कोणी सांगत नाही. मी ऑफिसात फोन उचलते. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे, एक श्रेयानं मागून घेतली. शाहपुऱ्याला आता दुसरी नर्स जाते. हवेची गादी पोचली. आजींची जखम भरत नाहीये. त्या नर्सला मी फोनवर विचारलं, तुझं आडनाव विचारलं का गं? ती म्हणाली, "हो, पहिल्याच दिवशी. का?"

परीक्षेच्या अर्जात नावापुढे प्रवर्गाचा रकाना आहे. मी तो भरला. मोठ्या अक्षरात भरला. लाज ज्यांनी वाटून घ्यायची ते दुसरे.

परीक्षेत लालीचा प्रश्न येईल. कॉम्प्युटर चार उत्तरं देईल, त्यातलं एक निवडायचं. मी त्यांना हवं ते निवडेन, कारण मला ते सर्टिफिकेट पाहिजे. मग बाहेर येऊन, ज्यांनी तो प्रश्न काढला त्यांना लिहीन की तुमचा प्रश्न चूक आहे. उत्तर आलं नाही तर परत लिहीन. आईचं नाव घालून लिहीन. आया, भंडाऱ्याकडची, बत्तीस वर्षं.

आणि 'सूचनादाता' ह्या शब्दासमोर ह्यापुढे माझी सही नाही. परीक्षेत पास झाले तरी नाही. नापास झाले तरी नाही.